गळंती, मडके आणि निळे पिंप : आपणहून पाणी घेणाऱ्या कुंडीचा इतिहास (धागा)

सेल्फ-वॉटरिंग कुंडी हे नाव बाजारात आले ते अलीकडे. तिच्यामागची कल्पना मात्र दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तळाशी पाण्याचा साठा, वर माती, आणि त्या दोहोंना जोडणारी एखादी वात किंवा सच्छिद्र भिंत, एवढीच तिची रचना. माती खालून पाणी ओढते, मुळे मातीतून ओढतात, आणि रोज झारी हाती धरण्याची गरज उरत नाही.

या कुंडीचा इतिहास सांगताना उल्हासनगरचा कॅम्प नं. ३ समोर ठेवण्याचे कारण आहे. बागेला ज्या तीन गोष्टी लागतात, त्या तिन्ही इथे दुर्मीळ : मोकळी जमीन, खात्रीचा नळ आणि भार पेलणारी गच्ची. कुंडीत पाणी कोणी आणि कधी द्यायचे हा प्रश्न बंगल्याच्या बागेत सोयीचा असतो. इथे तो झाड जगणार की नाही याचा असतो.

आधी जमिनीची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी एक संक्रमण छावणी उभारली. लांबट बराकी, त्यांच्यामधून सरळ रस्ते, असा तो सगळा हिशेबी मांडणीचा कारभार. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवले गेले.

छावणीचे पाच भाग होते. ते ‘कॅम्प’ या नावानेच टिकले. पत्त्यांत बराकीचा आणि सेक्शनचा क्रमांक आजही लिहिला जातो. कॅम्प नं. ३ मध्ये चोपडा कोर्टाजवळ महापालिकेचे मुख्यालय आहे, मध्यवर्ती रुग्णालय आहे, १९६५ साली स्थापन झालेले चांदीबाई महाविद्यालय आहे. म्हणजे शहराचा कारभार इथून चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि क्षेत्रफळ अवघे तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला अडतीस हजारांहून अधिक माणसे येतात.

सैनिकाच्या बराकीला अंगण लागत नाही. कुटुंबाला लागते. बराकीच्या आत आडभिंती पडल्या, पुढे पडव्या निघाल्या, मग मजले चढले. झाडासाठी उरली ती खिडकीची जाळी, जिन्याचा कोपरा आणि गच्ची. अशा घराची बाग पहिल्यापासूनच डब्यात असते : तेलाच्या, रंगाच्या किंवा तुपाच्या.

आता पाण्याची गोष्ट. नदीचे नाव मिरवणाऱ्या या शहराच्या महापालिकेकडे स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. पाणी येते ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून, म्हणजे लोकांच्या बोलीत एमआयडीसीकडून. बदलापूरजवळचे बारवी धरण महामंडळाने १९७२ साली बांधले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. बारवी ही उल्हासचीच उपनदी. तरीही ते पाणी शहरात पोहोचते ते औद्योगिक महामंडळाच्या जलवाहिनीतून, ठरलेल्या वेळी, आणि कपातीच्या दिवशी पोहोचतही नाही. म्हणून दाराशी निळे प्लॅस्टिकचे पिंप उभे असते. ते झाडांसाठी आलेले नाही, पण या गोष्टीत त्याला पुढे मोठे काम आहे.

झाडाला पाणी देण्याची एक फार जुनी युक्ती याच परिसरात, वालधुनीच्या काठाने थोडे वर गेले की भेटते. वालधुनी नदी उल्हासनगरच्या मध्यातून वाहते. तिच्याच काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खाली आहे, पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. महाराष्ट्रातल्या शिवालयांत पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र सर्वांच्या परिचयाचे : बुडाला बारीक भोक असलेला तांब्या, त्यातून थेंब थेंब पडणारे पाणी. त्याला गळती किंवा गळंती म्हणतात.

ही गळंती देवळातच राहिली नाही. वैशाखाच्या उन्हात तुळशीवरही गळंती लावण्याची रीत आहे. वृंदावनावर तिकाटणे उभे करायचे, त्याला मडके टांगायचे, बुडाच्या भोकात दर्भाची काडी किंवा कापडाची वळी घालायची. धार न लागता थेंब पडतो आणि भर दुपारी तुळशीचे मूळ ओले राहते. रीत पुण्यासाठी सांगितली गेली, हे खरे. पण वैशाख हाच महिना का, याचे उत्तर अंगणातल्या मातीला विचारले तरी मिळते.

गळंतीला ठिबक सिंचनाची आजी म्हणता येईल. इस्रायलमध्ये १९६५ पासून ठिबकच्या नळ्यांचा व्यापारी कारखाना सुरू झाला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावच्या जैन इरिगेशनने ते तंत्र महाराष्ट्राच्या शेतात पोहोचवले. नळी, तोटी, दाब ही यंत्रसामग्री नवी. थेंबाची कल्पना वृंदावनावरचीच.

मात्र गळंती आणि आपल्या विषयातली कुंडी यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो निसटला तर सगळा इतिहास निसटतो. गळंतीचा थेंब झाडाला विचारून पडत नाही. ऊन असो, ढग असो, तुळस तहानलेली असो वा नसो, भोक जेवढे मोठे तेवढे पाणी पडत राहते. देणाऱ्याच्या हाताऐवजी देणाऱ्याचे भोक आले, एवढेच. घेणाऱ्याच्या इच्छेने चालणारे पाणी ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा सर्वांत जुना लेखी पुरावा चीनमधला आहे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शंगची या चिनी अधिकाऱ्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला. त्यातले उतारे सहाव्या शतकातल्या दुसऱ्या एका कृषिग्रंथात टिकून राहिले. त्यात वेलीची फळे घेण्याची एक पद्धत आहे. खड्ड्यात भरपूर खत घालायचे. मधोमध मातीचे मडके पुरायचे, त्याचे तोंड जमिनीच्या पातळीत ठेवायचे. मडक्यात पाणी भरायचे, भोवती चार बिया टोचायच्या आणि तोंडावर कौल झाकायचे. पाणी उतरले की पुन्हा काठोकाठ भरायचे. एवढेच. आजचा कृषी सहायक मटका सिंचनाची जी कृती सांगतो, तीत यापेक्षा फारसे काही नसते.

मडक्याचे काम असे चालते. चकाकी न दिलेल्या, भाजलेल्या मातीच्या भिंतीत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. उन्हाळ्यात माठाला बाहेरून घाम येतो तो त्यांतूनच. असा माठ मातीत पुरला, की भोवतालची माती ओली असेतो पाझर अगदी मंद राहतो. मुळांनी माती कोरडी केली की कोरडी माती पाणी जोराने ओढू लागते आणि पाझर वाढतो. पाऊस पडून माती भिजली की तो जवळजवळ थांबतो. मडक्याला झाकण आहे, तोटी नाही. तोटी फिरवण्याचे काम झाडाची मुळे करतात.

मडके पक्के भाजलेले आणि तरीही झिरपणारे हवे, हा मधला टप्पा कुंभाराच्या भट्टीत साधतो. कच्च्या मडक्याचे काय होते हे सिंधी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातली सोहणी रात्री मडक्याच्या आधाराने नदी ओलांडते. एका रात्री तिच्या हाती कच्चे मडके दिले जाते, ते मध्यावर विरघळते आणि ती बुडते. इकडे मराठी मुलखात गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे हे थापटण्याने तपासल्याची कथा घरोघर ठाऊक आहे. दोन वेगळ्या प्रांतांतली माणसे एका छावणीच्या गावात शेजारी झाली, तेव्हा मडक्याविषयीचे हे शहाणपण दोघांच्याही शिदोरीत होते. उल्हासनगरात झुलेलालच्या चालिहोच्या व्रताची सांगता होते तेव्हा आजही मटक्या डोक्यावर निघतात.

पुरलेल्या मडक्याला आधुनिक भारतात शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती १९७० च्या दशकात. हरियाणातील कर्नाल येथे १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मोंडल यांनी मडक्यांवर भाजीपाला आणि वेलवर्गीय पिके घेण्याचे प्रयोग केले आणि १९७४ साली त्यावर लिहिले. खारवट पाण्याच्या भागातही ही पद्धत चालते, कारण मडक्याभोवतीची माती सतत ओलसर राहिल्याने क्षार मुळांपासून दूर, ओलाव्याच्या कडेला जाऊन साचतात. क्षारांची ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. गच्चीवर तिची पुन्हा गाठ पडते.

कुंडीत मात्र मडके फार जागा खाते. वीस लिटरच्या बादलीत पाच लिटरचे मडके पुरले तर मुळांना उरते काय? तिथे दुसरी युक्ती पुढे येते, ती म्हणजे वात.

समईकडे पाहावे. वात तेलात बुडालेली, टोक जळते आहे. ज्योत जेवढे तेल जाळते तेवढेच वात वर आणते. ज्योत विझली की तेल वातीच्या टोकाशी येऊन थांबते. झाडाचेही असेच आहे. पान म्हणजे ज्योत. पानातून वाफ होऊन जेवढे पाणी उडते तेवढे मूळ ओढते, मूळ मातीतून, माती वातीतून, वात साठ्यातून. देवघरात पिढ्यान्‌पिढ्या रोज दिसणारी ही गोष्ट बागेत आणायला इतका उशीर का लागला, याचे उत्तर बहुधा असे, की अंगण आणि विहीर असलेल्या घराला तिची गरजच नव्हती.

वातीत पाणी किती उंच चढते याचा नियम १७१८ साली लंडनमध्ये जेम्स ज्युरिन यांनी मांडला. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे तीन सेंटिमीटर चढते, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या नळीत सुमारे तीस. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. पुढे १९०७ साली अमेरिकेच्या मृदा विभागात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी दाखवून दिले, की मातीतले पाणी जास्त ओल्या भागाकडून जास्त ओढीच्या भागाकडे जाते आणि ही ओढ मोजता येते. फान शंगचीच्या मडक्यामागचे गणित तेव्हा कुठे कागदावर आले.

या गणिताचा एक निष्कर्ष पुष्कळ माळ्यांच्या सवयीविरुद्ध जातो. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडीचा थर घालण्याची सर्वत्र चाल आहे. सेल्फ-वॉटरिंग कुंडीत हाच थर घात करतो. खडीतल्या फटी पाच-सहा मिलिमीटरच्या. त्यांत पाणी सेंटिमीटरभरही चढत नाही. खाली साठा भरलेला आणि वर रोप सुकलेले, असे दृश्य दिसले की दोष बहुधा या तुटलेल्या दुव्याचा असतो. पाण्याला आणि मातीला जोडणारा भाग बारीक फटींचाच हवा : वात, किंवा पाण्यात उतरलेला मातीचाच एक खांब.

मातीचा हा खांब वापरून केलेली पेटी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील फ्लोरिडात ब्लेक व्हिसेनंट या टोमॅटो उत्पादकाने बाजारात आणली. ‘अर्थबॉक्स’ हे तिचे नाव. तळाशी पाणी, त्यावर जाळीदार फळी, दोन कोपऱ्यांत पाण्यात उतरणारी माती, बाजूला जादा पाणी जाण्याचे भोक. महाग वस्तूची घरगुती नक्कल होते या नियमाने लवकरच एकात एक बसवलेल्या दोन बादल्यांची कुंडी जगभर झाली. पेटंट पेटीचे होते, ओढीचे नव्हते.

महाराष्ट्रात याच सुमारास गच्चीवरची शेती वेगळ्या वाटेने येत होती. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे शिक्षक. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी द्राक्ष बागायतदारांपासून शहरातल्या गृहिणींपर्यंत अनेकांना प्रयोगाला लावले; ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. दर चौरस फुटावर पडणारे ऊन हे खरे भांडवल, माती हे दुय्यम, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईत वांद्र्याला अर्थतज्ज्ञ डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर पिशव्या आणि पिंपांतून भाज्या आणि फळे काढली. त्यांच्या पिंपांत तळाशी रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडे असत, वर कंपोस्ट, माती थोडीच. चिपाड पाणी धरून ठेवते आणि कुजून खत होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

या तिन्ही प्रयत्नांचा भर मातीऐवजी जैवभाराच्या वापरावर होता, साठ्याच्या पाण्यावर नव्हता. तरी दोन्ही वाटा गच्चीवर एकत्र येतात, कारण चिपाडे, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचे मिश्रण वातीतून पाणी उत्तम ओढते, तर काळी चिकणमाती खालून भिजली की घट्ट बसते, तिच्यात हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात. नुसत्या शेतातल्या मातीने भरलेली सेल्फ-वॉटरिंग कुंडी फसते ती या कारणाने.

आता कॅम्पातल्या गच्चीकडे. इथे कुंडीसाठी लागणारा प्रत्येक पदार्थ शहराच्याच धंद्यांतून निघतो, आणि प्रत्येकाला आपापला इतिहास आहे.

सर्वांत सोपी कुंडी दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीची. बाटली मधोमध कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, बुचाला भोक पाडून वात ओवायची. वातीसाठी कापड निवडताना मात्र उल्हासनगरची ओळख असलेले जीन्सचे कातरण कामाचे नाही. जीन्स सुती, ओल्या मातीत काही महिन्यांत ती कुजून तुटते. त्यापेक्षा पॉलिस्टरमिश्रित कापडाची पट्टी किंवा जुन्या नायलॉनच्या दोरीचा उलगडलेला पीळ बरा. वात कोरडी लावू नये. आधी पूर्ण भिजवून मग बसवावी. कोरडी वात पाण्याला वाट देत नाही, समईची वात आपण आधी तेलात भिजवतो तसेच हे.

बाटलीत पुदिना होतो, टोमॅटो होत नाही. त्यासाठी रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या. खालच्या बादलीत पाणी. वरच्या बादलीच्या बुडाला बारीक भोके, आणि मधोमध मोठे भोक पाडून त्यात भोकाभोकांचा एखादा प्लॅस्टिकचा डबा, मातीने दाबून भरलेला, पाण्यात उतरलेला. हाच तो खांब. कडेने एक पाइप खालपर्यंत, पाणी भरायला. वरच्या बादलीचे बूड जिथे येते त्याच्या किंचित खाली बाहेरच्या बादलीला एक भोक. चार लिटरचा साठा असेल आणि पालेभाजी रोज लिटरभर पाणी उडवत असेल, तर कपातीचा दिवस आला तरी ती भाजी तीन-चार दिवस निभावते. साई भाजीला लागणारे तिन्ही पाले, म्हणजे पालक, चुका आणि शेपू, उथळ मुळांचे आहेत. या बादलीत ते सुखाने येतात.

तिसरी कुंडी म्हणजे ते निळे पिंप, उभे कापून केलेल्या दोन पन्हाळी. इथे थांबून विचारायला हवे, की पिंप कुठून आले? अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रसायने अशाच दोनशे लिटरच्या पिंपांतून येतात आणि रिकामी पिंपे जुन्या बाजारात जातात. आत काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. प्लॅस्टिक काही द्रव्ये शोषून घेते आणि साबणाच्या पाण्याने ती सगळी निघत नाहीत. ज्या पिंपावरचे मूळ लेबल खरवडून काढले आहे, त्यात शोभेचे झाड लावावे, चुका लावू नये.

ही भीती पुस्तकी नाही. ज्या वालधुनीच्या काठी हजार वर्षांपूर्वी देऊळ बांधले, त्याच नदीत २०१४ च्या अखेरीस रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले. नदी दारातून वाहते आणि तिचे पाणी कुंडीलाही घालता येत नाही, अशी स्थिती असलेल्या शहरात पिंपाच्या पोटात काय होते हा प्रश्न भाजीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

साठवलेल्या पाण्याची दुसरी अडचण डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती स्वच्छ, साचलेल्या पाण्यात, भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. पाणी लागले की आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून पाणी भरण्याच्या पाइपला घट्ट टोपण आणि जादा पाण्याच्या भोकाला बारीक जाळी लावल्याशिवाय ही कुंडी पुरी झाली असे समजू नये. फान शंगचीने मडक्यावर कौल झाकायला सांगितले होते ते बाष्पीभवनासाठी असावे, पण त्याचा हाही उपयोग होता.

आणि शेवटी गच्ची. उल्हासनगरच्या इमारतींची गोष्ट सांगितल्याशिवाय इथल्या गच्चीवर कुंडी ठेवता येत नाही. बराकींच्या जागी, विशेषतः १९९० च्या दशकात, परवानगीविना आणि निकृष्ट रेतीने पुष्कळ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने त्यांतल्या शेकडो पाडण्याचे आदेश दिले. २००६ साली राज्य सरकारने नियमितीकरणाचा कायदा केला. कागद नियमित झाला तरी सळई नियमित होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि अनेक माणसे गेली.

हिशेब करून पाहावा. अर्ध्या पिंपात पंचाहत्तर लिटर ओली माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला सुमारे १.७ किलो, म्हणजे १२७ किलो. वीस लिटर पाणी, वीस किलो. एक पन्हाळ दीडशे किलोची झाली, आणि ती अर्ध्या चौरस मीटरवर बसते. म्हणजे तेवढ्या जागेवर चौरस मीटरला तीनशे किलो. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकांनुसार धरायचा भार साधारण दीडशे किलो असतो, तोही नीट बांधलेल्या, न गळणाऱ्या, सळया न गंजलेल्या इमारतीत. अशा दहा पन्हाळी म्हणजे दीड टन.

दोशींच्या चिपाडांचे मोल इथे कळते. नारळाचा भुसा, चिपाडे आणि कंपोस्ट यांचे ओले मिश्रण मातीच्या निम्म्या वजनाच्या आसपास राहते. पिंपाऐवजी बादल्या, आणि त्याही गच्चीच्या मधोमध न मांडता भिंती आणि तुळयांच्या रेषेवर. इमारत जुनी आणि छताला ओल असेल तर गच्चीऐवजी तळमजल्याच्या दारात. गळक्या छतावर साठ्याची कुंडी ठेवणे म्हणजे सळईला रोज पाणी घालणे.

उन्हाळ्याच्या शेवटी या कुंड्यांच्या मातीवर पांढरी पापुद्री दिसू लागते. पाणी खालून वर येते, वरून उडून जाते, आणि त्यातले क्षार मागे राहतात; कर्नालच्या शेतात जे ओलाव्याच्या कडेला साचत होते तेच इथे वरच्या इंचभर मातीत साचते. गळंतीला ही व्याधी नाही, कारण तिचे पाणी वरून खाली जाते. उपाय म्हणून अधूनमधून वरून तांब्याभर पाणी घालावे, साठ्यातले जुने पाणी ओतून टाकावे. जूनमध्ये कोकणपट्टीचा पाऊस हे काम एका दिवसात करतो, पण जादा पाण्याचे भोक मोकळे असेल तरच. वर्षभरात पांढरी मुळे त्या भोकापर्यंत पोहोचून ते बुजवून टाकतात, आणि मग पहिल्याच मोठ्या सरीत बादली काठोकाठ भरून चुका दोन दिवसांत सडतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक जाड तार घेऊन प्रत्येक भोक मोकळे करून घ्यावे लागते.